बारीक विणीची जाळी

"घराला जाळी आहे का?" असं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. खिडकीजवळच्या टेबलावर वाकून त्या काचेच्या पट्टीवर रंगाचे थेंब सोडत होत्या, आणि मी स्टुलावर बसून मांडीवरची टोपली दोन्ही हातांनी धरून होतो. टोपलीत साहेब होते. साहेब म्हणजे आमच्या घरातला गिनी पिग. वजनाने किलोभर, रंगाने तपकिरी-पांढरे, कुळाने उंदराचे चुलतभाऊ, आणि चेहऱ्याने निवृत्तीला आलेले हेडक्लार्क. त्यांच्या उजव्या कानाच्या कडेला वाटाण्याएवढी जखम झाली होती, मध्ये खोल आणि भोवती उंच कडा असलेली. नाकाच्या शेंड्यावर दुसरी होती, मसुराएवढी. बाईंनी कानाच्या कडेवरून पात्याने थोडं खरवडून घेतलं तेव्हा साहेबांनी चूं केलं नाही, फक्त माझ्या अंगठ्यावर पाय रोवले. "आहे ना जाळी," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण राहवलं नाही. "मी जाळ्या बसवण्याचंच काम करतो." "तरीही," बाई म्हणाल्या, "या माशीला तुमच्या जाळीचा काही धाक नाही. डासाच्या निम्म्याहून लहान असते ती. सरळ भोकातून आत येते." मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. एका मोठ्या फिकट पेशीत बारीक बारीक जांभळे ठिपके दाटीने बसले होते, आणि प्रत्येक ठिपक्याच्या पोटात आणखी एक काडी होती. परजीवी, बाई म्हणाल्या. माशी चावते, हे आत सोडते, आणि मग कातडीत यांची वस्ती होते. मी बराच वेळ बघत राहिलो. खरं सांगायचं तर मी ठिपके बघत नव्हतो, मी त्या 'तरीही'त अडकलो होतो.

एकतीस वर्षं मी हे काम करतोय. लोकांना वाटतं आम्ही जाळी विकतो. खरं तर आम्ही भोकं विकतो. दोरा सगळ्यांकडे सारखाच असतो, भोक केवढं ते महत्त्वाचं. मोठं दिलं तर डास येतो, बारीक दिलं तर वारा अडतो आणि चार दिवसांत गिऱ्हाइकाचा फोन येतो की घरात जीव गुदमरतोय. एका इंचात अठरा घरं, हा आमचा सगळ्यांना पटणारा मधला मार्ग. पण माझ्या स्वतःच्या घराच्या गॅलरीला मी मधला मार्ग लावलेला नव्हता. तिला एका इंचात चाळीसहून जास्त घरं असलेली जाळी होती, एका कारखान्याने नमुना म्हणून दिलेल्या गुंडाळीतली. हात लावला तर कापड वाटावं अशी. चौकट मी स्वतः कापलेली, कोपरे पंचेचाळीस अंशात जुळवलेले, बावीस स्क्रू. रस्त्यावरून वर बघितलं की आमची गॅलरी इतरांपेक्षा जरा धूसर दिसायची, आणि मी गिऱ्हाइकांना तिथेच उभं करून सांगायचो, ती बघा, दुसऱ्या मजल्यावरची, सात वर्षांत एक डास आत गेलेला नाही. माझ्या दुकानाला पाटी नव्हती, ही गॅलरीच पाटी होती. तेव्हा त्या बाईंनी काचेच्या पट्टीवरून मान न उचलता 'तरीही' म्हणावं हे मला लागलं. बायको म्हणते, तुमच्या नाकावर माशीसुद्धा बसू देत नाही तुम्ही. म्हणजे पूर्वी म्हणायची.

पूर्वी म्हणजे दोन वर्षांपूर्वी. माझी बायको एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. चौतीस वर्षं कानाला यंत्र लावून ती लोकांना लोकांशी जोडून देत होती. वॉर्डांना, डॉक्टरांना, घाबरलेल्या नातेवाइकांना. पलीकडचा माणूस बोलायच्या आधी नुसत्या श्वासावरून तिला कळायचं की बातमी वाईट आहे. घरी आली तरी तोंड मिटायचं नाही. भाजी चिरताना बोलायची, दात घासताना बोलायची, आणि सात वाजले की धाकट्या बहिणीला फोन लावून त्याच सगळ्या गोष्टी पहिल्यापासून सांगायची. मी पेपर तोंडासमोर धरून म्हणायचो, अगं, एक ब्रेक तरी घे. मग एका आठवड्यात माझी ती मेव्हणी गेली, त्याच हॉस्पिटलात, आणि तिच्यासाठी डॉक्टरांना, नातेवाइकांना केलेले शेवटचे फोन बायकोनेच जोडले. दोन महिन्यांनी ती निवृत्त झाली. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. रागावून नाही, रुसून नाही. भाजी चिरायची, कपडे घड्या करायची, विचारलं तर हो नाही म्हणायची. एकदा मी फारच मागे लागलो तेव्हा म्हणाली, "बोलायचं काम होतं, ते संपलं." घरात घड्याळाचा आवाज असतो हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. सात वाजता ती फोनजवळच्या खुर्चीत जाऊन बसायची आणि साडेसातला उठायची. ते वर्ष मला कुणी परत दिलं तर मी दारातूनच परत पाठवीन.

मग एक दिवस साडू आले. हातात पिंजरा. "तिचा होता हा," ते दारातच म्हणाले, "मला नाही बघवत. शिट्टी मारतो संध्याकाळी, ती यायची तेव्हा मारायचा तशी." मी मनात म्हटलं, आता हे एक उंदराचं लोढणं. बायकोने पिंजरा घेतला, गॅलरीत नेऊन ठेवला, त्यासमोर मांडी घालून बसली आणि बऱ्याच वेळाने अगदी कामावरच्या आवाजात म्हणाली, "बोला साहेब, कोण हवंय?" मी स्वयंपाकघरात होतो. हातातला पेला मी इतका सावकाश खाली ठेवला की त्याचा आवाज झाला नाही. त्या दिवसापासून ती साहेबांशी बोलू लागली. आधी चार वाक्यं, मग अर्धा तास, मग दिवसभर. माझ्याशीही बोलायची, पण साहेबांच्या मार्फत. "साहेब, यांना सांगा, चहा गार होतोय." "साहेब, यांना विचारा, कालची पावती कुठे ठेवलीत." मी उत्तर द्यायचो तेही साहेबांनाच. लोक हसतील, हसू देत. मला ते पुरत होतं. संध्याकाळी कामावरून यायचो, गॅलरीत सुक्या गवताचा वास, जाळीतून गाळून आलेला मऊ उजेड, आणि तिचा तो आवाज, माझ्याकडे पाठ करून का होईना, चालू. ताटातलं कुणाला वाढलंय हे न बघता खाल्लं तरी पोट भरतंच. मी सुखी होतो. हे मी अगदी साध्या अर्थाने सांगतोय.

तर साहेबांच्या कानावरचा ठिपका आधी तिलाच दिसला. "साहेब, हे काय लावून घेतलंत?" मग तो फुटला, त्याची जखम झाली, मग नाकावर दुसरा आला. हॉस्पिटलची म्हणून कुठलीच पायरी ती आता चढत नाही, जनावरांच्या दवाखान्याचीही नाही, म्हणून मी एकटा गेलो आणि मी एकटा बातमी घेऊन आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की बऱ्याचदा हे आपोआप बसतं, जनावराची प्रकृती धडधाकट असली तर महिना-दीड महिन्यात कातडी भरून येते. माणसाला ही जात सहसा त्रास देत नाही, तरी जखम धुताना हातमोजे घाला. मलम द्या, ढोबळी मिरची रोज द्या, आणि मुख्य म्हणजे नवीन चावे थांबवा. "कान गेला तर चालेल," त्या म्हणाल्या, "नाकावरचं वाढता कामा नये. नाक दुखलं की खाणं सोडेल. आणि या जनावराची आतडी एक दिवस जरी रिकामी राहिली ना, तर मग माझ्याकडे आणून काही उपयोग नाही." हे सगळं मी बायकोला सांगितलं. माशी जाळीतून येते म्हणाल्या, तेवढं वगळलं. का वगळलं? कारण ते खोटं होतं. माझ्या जाळीतून ती येणं शक्यच नव्हतं, हे मला छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं, आणि ते सिद्ध करून मगच मी बोलणार होतो.

बाईंनीच उपाय सांगितला होता. पांढऱ्या कागदाला एरंडेल लावायचं आणि संध्याकाळी भिंतीशी टांगायचं. ही माशी नीट उडत नाही, भिंतीवरून उड्या मारत चालल्यासारखी जाते, आणि तेलाला चिकटते. मी वहीचे आठ कागद घेतले. चार जाळीच्या बाहेर, कठड्याला, चार आत. बाहेरचे चार भरलेले आणि आतले चार कोरे, असे आठही कागद मी त्या बाईंच्या टेबलावर मांडणार होतो. पुढे काय बोलायचं तेही ठरवलं होतं, फार उद्धट नाही, फक्त एवढंच, की सगळ्या जाळ्या सारख्या नसतात. तीन संध्याकाळी मी दिवेलागणीला गॅलरीत बसलो. पिंजरा भिंतीच्या कोपऱ्यात होता, तिथे वारा लागत नाही म्हणून मीच तो तिथे सरकवला होता. शेजारी माझ्या कुंड्या. त्या कुंड्यांचाही मला अभिमान होता. साहेबांच्या पिंजऱ्यातलं ओलं गवत आणि लेंड्या मी कधी फेकल्या नाहीत. कुंड्यांतल्या मातीत मिसळायच्या, वर पाणी मारायचं. सात कुंड्या, सगळ्या काळ्याभोर, ओल्या. मागच्या भिंतीचा गिलावा त्या ओलीने फुगून तडकला होता आणि तड्यांत थोडं शेवाळ धरलं होतं. मला तो वास आवडायचा. लहानपणी शाळेमागे एक गवताची गंजी होती, तिच्यात हात खुपसला की आतून ऊब लागायची, तसा तो वास होता. पिंजऱ्यापाशी बायको म्हणत होती, "साहेब, तुम्ही आज मिरची अर्धीच खाल्लीत." मी कागदांकडे बघत होतो. डासांचा गुणगुणाट बाहेरच्या बाहेर चालला होता आणि जाळीच्या आत एक आवाज नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी मी कागद उतरवले आणि भिंगाखाली धरले. बाहेरच्या चार कागदांवर डास होते, पाकोळ्या होत्या, एक कोळी होता. बाईंनी सांगितलेली माशी एकही नव्हती. आतल्या कागदांवर सत्तावीस होत्या. पिवळट, केसाळ, कुबड आलेल्या, दोन्ही पंख वर उभे धरलेल्या. भिंग बाजूला केलं तर धुळीचे कण. सगळ्यांत जास्त कुठे, तर तडकलेल्या भिंतीशी, कुंड्यांच्या वरच्या कागदावर. माझी जाळी जिंकली होती. तिच्यातून एकही माशी आत आली नव्हती, आणि एकही बाहेर गेली नव्हती. अंडी घालायला ओली माती मी दिली होती, त्यात लेंड्या मी कालवल्या होत्या, भिंतीला ओल मी दिली होती, वारा मी अडवला होता आणि चावायला साहेबांना कोपऱ्यात नेऊन मीच ठेवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसरा कुणीही माणूस असता तर त्याच्या घरची साधी जाळी, थोडे डास आले असते, थोडा वारा आला असता, कुंड्या वाळल्या असत्या आणि साहेबांचं नाक शाबूत राहिलं असतं. इतकी चांगली जाळी बसवणारा मीच एक होतो.

पहिला विचार मनात आला तो असा, की कुणाला कळणार आहे? बायको भाजी आणायला गेली की कुंड्या खाली नेऊन रिकाम्या करायच्या, भिंत घासायची, पिंजरा आत घ्यायचा. जाळी राहू द्यायची. कागद मी घडी करून खिशात घातलेही. तेल सदऱ्याला लागलं. पण त्याच दुपारी साहेबांनी मिरचीला तोंड लावलं नाही. गवताची काडी तोंडात घेतली, नाकाची जखम तिला घासली, आणि ती त्यांनी खाली टाकून दिली. बायको पिंजऱ्यासमोर बसली होती. मी दारात होतो आणि तिला ते माहीत नव्हतं. "माझंच चुकलं साहेब," ती म्हणाली. आवाज कामावरचा नव्हता. "संध्याकाळी तुम्हाला इथे बाहेर ठेवते मी. गप्पा मारायला कुणी पाहिजे असतं मला. तिची एक वस्तू सांभाळायची होती, तेवढीही सांभाळता आली नाही." मग ती थांबली. मी वाट बघितली. ती पुढे काहीच बोलली नाही, आणि ती थांबण्याची पद्धत मला ओळखीची होती. साहेब गेले तर ती परत त्या फोनजवळच्या खुर्चीत जाऊन बसेल, आणि या वेळी दारात पिंजरा घेऊन कुणीही येणार नाही. आणि तेही माझ्या चुकीचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेऊन.

मी जमिनीवर तिच्याशेजारी बसलो. गुडघे वाजले. खिशातले कागद काढले, ते एकमेकांना चिकटले होते, एकेक सोडवून तिच्यासमोर मांडले. सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या ते, मी काय वगळलं ते, कुंड्या, भिंत, जाळी. सांगताना मी नेहमीप्रमाणे साहेबांकडे बघून बोलायला लागलो होतो, पण साहेब डोळे मिटून कोपऱ्यात बसले होते, त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून तिच्याकडे बघून बोललो. तिने एक कागद उचलला, उजेडाकडे धरला. भिंग मागितलं नाही. मग कागद खाली ठेवून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून सुक्या गवताची पूड पाण्यात भिजवल्याचा, ढवळल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात सुई काढलेली सिरिंज होती. तिने साहेबांना टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि गालाच्या कडेने थेंब थेंब लापशी आत सोडायला लागली. शब्द एकही नाही. मला नाही, साहेबांनाही नाही.

दोन दिवस ते तसंच चाललं. दर तीन तासांनी ती उठायची, लापशी करायची, भरवायची. मी कुंड्या खाली नेल्या, माती उन्हात पसरली, भिंत तारेच्या ब्रशने घासली आणि तडे सिमेंटने बुजवले. पिंजरा बैठकीच्या खोलीत आणून पंख्याखाली ठेवला, कारण बाई फोनवर म्हणाल्या की वारा असला की ती माशी हतबल होते. कामावरून दोन फोन आले, ते मी घेतले नाहीत. ती कधी माझ्या हातातली बादली घ्यायची, कधी मी तिच्या हातातला टॉवेल. एकमेकांशी न बोलता आम्ही इतकं नीट काम केलं की ऑफिसांनी आपली माणसं शिकायला पाठवावीत. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी मनाशी हिशेबच करून टाकला होता की साहेब खायला लागले की ती बोलेल. साहेबांनी खावं म्हणून मी जेवढी विनवणी केली तेवढी आयुष्यात कुणाची केली नसेल. एकदा ती न्हाणीघरात असताना पिंजऱ्यापुढे वाकून अगदी हळू म्हणालोसुद्धा, "साहेब, एवढा एक फोन जोडून द्या." लाज वाटली, आणि आजूबाजूला बघून घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ब्रश धूत होतो तेव्हा बैठकीच्या खोलीतून करकर आवाज आला. साहेब ढोबळी मिरची खात होते. मान जरा वाकडी करून, नाक बाजूला धरून, पण स्वतःच्या दातांनी, कडेपासून आतपर्यंत. बायको त्यांच्यासमोर बसली होती. तिने हातातली सिरिंज खाली ठेवली, चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. मी तिथेच ओल्या हातांनी उभा. आता बोलेल, आता बोलेल. साहेबांनी अख्खी फोड संपवली, पाणी प्यायले, आणि ती उठून सिरिंज धुवायला निघून गेली. काहीच बोलली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या दारावर थाप मारत होतो. साहेब वाचतील, पुढे महिन्याभराने त्यांच्या जखमा भरल्याही, कानाची कड थोडी झडली आणि नाकावर केस नसलेला एक गुळगुळीत ठिपका राहिला, तेवढंच. पण आमच्या दोघांच्या मधली वाट अजून अडलेलीच होती, आणि त्या वाटेत मी जे ठेवलं होतं ते उचलणं मिरचीच्या फोडीचं काम नव्हतं. मी हात पुसले, स्क्रूड्रायव्हर घेतला, स्वयंपाकघरातला उंच स्टूल गॅलरीत नेला आणि जाळीचा वरचा पहिला स्क्रू फिरवायला लागलो.

जाळी उतरवणं हे बसवण्यापेक्षा वाईट काम. बसवताना निदान पुढे काय दिसणार ते माहीत असतं. चार स्क्रू निघाले तेव्हा वरची पट्टी सुटली आणि फटीतून वारा आला, सात वर्षांनी पहिल्यांदा, रस्त्यावरची धूळ आणि कुठल्याशा तळणाचा वास घेऊन. खाली समोरचा केस कापणारा दारात येऊन उभा राहिला होता. "काय जाळीवाले, तुमचीच उतरवताय?" तो म्हणाला. "हो," मी म्हणालो. "का हो?" "फार चांगली होती." तो हसला, त्याला वाटलं मी विनोद केला. आणि मागून आवाज आला, "खाली काय बघताय, हातात काय आहे तिकडे बघा. तो स्क्रू सुटून कुणाच्या टाळक्यात गेला तर?"

मी मागे वळलो नाही. वळलो असतो तर कदाचित तिने साहेबांकडे तोंड केलं असतं. "आणि हा स्टूल," ती म्हणाली, "याचा एक पाय आखूड आहे हे मी चार वर्षांपूर्वी सांगितलंय. चार वर्षं. लोकांच्या खिडक्या मोजत हिंडतात आणि घरातल्या स्टुलाचा पाय मोजायला वेळ नाही." पाचवा स्क्रू निघाला. मग कुंड्या आल्या. कुंड्यांचा वास येतो असं तिने किती वेळा म्हटलं होतं, आणि प्रत्येक वेळी मी खत, खत करून तिला कसं गप्प केलं होतं. मग डॉक्टरीणबाई आल्या, की त्यांनी सांगितलेलं मी चार दिवस पोटात ठेवलं, आणि मला काय वाटलं, तिला कळलं नाही? "त्या दिवशी जिन्यातूनच कळलं मला. दोन-दोन पायऱ्या चढत नाही तुम्ही, खरं लपवताना." सहावा, सातवा. आवाज चढत गेला. समोरचा केस कापणारा शहाणा माणूस, आत निघून गेला. मग मेव्हणी आली. "ती गेली त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, आता रडून काय होणार आहे. आठवतंय? मी रडत नव्हते. मी सांगत होते. तिला लावलेला शेवटचा फोन कसा लागला नाही ते सांगत होते, आणि तुम्ही म्हणालात, आता बोलून काय, रडून काय." मला आठवत नव्हतं. मग आठवलं. मी ते म्हणालो होतो, आणि म्हणताना मला वाटलं होतं की मी तिला धीर देतोय. "हो," मी स्टुलावरूनच म्हणालो, "म्हणालो होतो. चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली. "आणि नंतर? वर्ष होत आलं, तुमची बायको एका उंदराशी बोलतेय. चहा झाला म्हणून उंदराला सांगतेय. आणि तुम्हाला बरं वाटत होतं. बसून ऐकायचात. एकदा तरी म्हणालात का, त्याला काय सांगतेस, इकडे बघून मला सांग?" मला बरं वाटत होतं, हे खरंच होतं. आत्ता तर त्याहून बरं वाटत होतं, पाठीवर शब्दांचा मार बसत होता आणि प्रत्येक शब्दावर माझा पत्ता होता. डोळे भरून आले तेही वाऱ्याने, असं मी म्हणू शकलो असतो. ती आता लग्नाच्या पहिल्या वर्षात शिरली होती. माझ्या आईसमोर मी तिची बाजू न घेतल्याचा काहीतरी प्रसंग होता, तो तिने तारखेसकट काढला. जाळी जवळजवळ सगळी सुटून माझ्या खांद्यावर कलली होती, गॅलरी मोकळी झाली होती, आत साहेब परत करकरत होते. एकविसावा स्क्रू मी खिशात टाकला. बाविसाव्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि हात थांबवला.

"झालं का?" ती मध्येच म्हणाली. "उतरा मग."

"एक राहिलाय," मी म्हणालो. "गंजलाय. निघत नाही लवकर. तू बोल."

तो स्क्रू इतका ढिला होता की नखानेही निघाला असता.